गिअरबॉक्सवरचे तीन स्विच

भेस्तानच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये गाड्यांची वायरिंग हर्षदा करते, असं सांगितलं की नवं गिऱ्हाईक आधी तिच्या नवऱ्याकडे बघतं. काशिनाथ खुर्चीत असतो. मणक्याचं दुखणं लागल्यापासून त्याला गाडीखाली आडवं होता येत नाही. पारोळ्याहून दोघं सुरतला आली तेव्हा काम तो करायचा आणि ती त्याच्या हातात पाने द्यायची. आता गाडीखालच्या खड्ड्यात ती उतरते आणि तो वरून सल्ले देतो. त्यातले बरेचसे ती कानाआड करते.

हर्षदाला किळस फार. लिंबायतला ती राहते त्या गल्लीत हे सगळ्यांना ठाऊक आहे. दुसऱ्याने तोंड लावलेल्या बाटलीतून ती पाणी पीत नाही, पंगतीला बसली की ताट आधी पदराने पुसून घेते. "मंग गॅरेजमा कशी करस वो तू?" शेजारची मंदा तिला चिडवते. ग्रीसचं हर्षदाला काही वाटत नाही, ते साबणाने जातं. तिला किळस येते ती दुसऱ्याने कसंतरी उरकून ठेवलेल्या कामाची. वायर दातांनी सोलून नुसती पिळलेली आणि वर तेलाने चिकट झालेली काळी पट्टी गुंडाळलेली दिसली, की तिला उष्ट्या ताटात हात घातल्यासारखं होतं.

घनश्यामभाईंची गाडी त्या दुपारी आली ती अशाच कामाने भरलेली. पन्नासेक वर्षांपूर्वीची, जपानी बनावटीची, नातेवाइकांबरोबर आफ्रिकेतून आलेली. वरून क्रीम रंग, चकचकीत बंपर. घनश्यामभाई ती वरघोड्यासाठी, म्हणजे वरातीसाठी, भाड्याने देतात. नवरदेव तिच्यात बसतो, फोटो निघतात, खाली वाकून कोणी बघत नाही.

"रिव्हर्स लाइट नथी चालती," ते म्हणाले आणि मावा थुंकायला जागा शोधू लागले. हर्षदाने बाहेरच्या गटाराकडे बोट दाखवलं. ते शेडच्या भिंतीवरच थुंकले.

त्यांचा ड्रायव्हर दत्तू मागे उभा होता. जिंतूरकडचा, अबोल माणूस. उजव्या हाताला पांढरी पट्टी.

"हाताला काय झालं?" हर्षदाने विचारलं.

दत्तूने तोंड उघडायच्या आत घनश्यामभाई हसत सुटले. प्रत्येक बुकिंगला निघताना ते चारही चाकांखाली लिंबं ठेववतात. दत्तू पुढच्या चाकाशी उकिडवा बसला होता. हँडब्रेक ढिला, म्हणून गाडी नेहमीसारखी गिअरमध्ये टाकून उभी केलेली. मुहूर्त चुकू नये म्हणून घनश्यामभाईंनी बाहेरूनच, खिडकीतून हात घालून, चावी फिरवली. गाडीने उडी मारली. लिंबू फुटलं आणि दत्तूची दोन बोटंही.

"मोटी घात नानामां गई, बेन!" ते म्हणाले. "मोठं संकट बोटांवर निभावलं. लिंबानं काम केलं!"

त्या माणसाच्या तोंडातल्या लाल लाळेपेक्षा त्याचं हसणं तिला घाण वाटलं.

"पण ही गाडी गिअरमध्ये असताना सेल्फ घेतेच कशी?" तिने विचारलं. "असल्या गाडीला न्यूट्रलचा स्विच असतो. गाडी न्यूट्रलला नसेल तर तो सेल्फ लागूच देत नाही."

"ए तो बगडी गयेलो. एका मिस्तरीनं डायरेक्ट करी दिधुं. तुम्हीपण रिव्हर्सचं डायरेक्ट करी दो. आजे सांजे वरघोडो छे."

डायरेक्ट. म्हणजे स्विच वगळून वायरीला वायर जोडायची. हा शब्द तिला शिवीसारखा लागतो. स्विच बिघडला, कर डायरेक्ट. फ्यूज उडाला, कर डायरेक्ट. ती खड्ड्यात उतरली.

गिअरबॉक्सच्या अंगावर तीन स्विच होते, एकसारखे काळे, तेलात माखलेले. मिस्तरीने तिन्हींच्या वायरी उपटल्या होत्या. दोन एकमेकींत पिळून दिल्या होत्या, बाकीच्या तशाच लोंबत होत्या. पट्टी सोलताना बोटांना काळा चिकटा लागला. त्यात कुणाची तरी विडी चिकटलेली होती. हर्षदाने "शीऽ" म्हणून तोंड फिरवलं, मग चिंध्यांनी तिन्ही स्विच धातू दिसेपर्यंत पुसून काढले.

वायरींचे रंग आता ओळखू येत नव्हते. तिने टेस्टरचा दिवा पहिल्या स्विचला लावला आणि काशिनाथला गाडीत बसायला सांगितलं.

"रिव्हर्स टाक."

"टाकं. दिवा लागना का?"

"लागना." मागचा स्विच रिव्हर्सचा. पुढच्याला दिवा लावला. पहिला, दुसरा, तिसरा गिअर, काही नाही. चौथ्यात, म्हणजे टॉपमध्ये, टाकताच दिवा लागला. हा फक्त डॅशबोर्डवरची छोटी बत्ती पेटवणारा. उरला कडेचा. त्यावर दिवा कुठेच लागला नाही. न्यूट्रलमध्येही नाही. म्हणजे मेलेला तोच.

"नवा स्विच आते कोठेच मिळाव नही," काशिनाथ वरून म्हणाला. "डायरेक्टच ठेवनं पडी."

"तू चूप बैस."

तिने टॉपचा स्विच खोलून हातात घेतला. आटे तेच, बटण तेवढंच. तोच तिने न्यूट्रलच्या जागी बसवला आणि तेल गळू नये म्हणून मेलेला टॉपच्या भोकात घट्ट केला. हे कळताच घनश्यामभाई चिडले. "डॅशबोर्डनी बत्ती जशे! ओरिजिनल गाडी छे! मी डायरेक्ट सांगितलं होतं ने?"

हर्षदा खड्ड्यातून वर आली. "डायरेक्टच करून देते, शेठ. तुम्ही चाकापुढे बसा लिंबू घेऊन. मी पहिल्या गिअरमध्ये चावी फिरवते."

काशिनाथ खाली बघून हसला. घनश्यामभाई मोबाइल काढून बाजूला गेले.

वायरी सोल्डर करून झाल्यावर तिने गाडी गिअरमध्ये ठेवून चावी फिरवली. नुसती टिकटिकही नाही. न्यूट्रलला पहिल्या झटक्यात इंजिन लागलं. मागे पांढरा लाइटही पेटला.

"हवे डर नथी ने?" घनश्यामभाई दत्तूला म्हणाले. "आता निवांत बस चाकाशी. मी बहारथीच चावी मारीश."

गाडी सुधारली होती आणि त्या सुधारणेचा एवढाच अर्थ या माणसाने काढला होता. परवा दुसरा मिस्तरी पुन्हा पट्टी गुंडाळेल, पुन्हा हाच हात चाकाखाली जाईल. तिला त्या क्रीम रंगाला हातसुद्धा लावावासा वाटेना.

"दत्तूभाऊ, खाली या," ती म्हणाली.

खड्ड्यात तिने टॉर्च त्याच्या डाव्या हातात दिला. "मागचा रिव्हर्सचा. पुढचा मेलेला. हा कडेचा तुमचा. याच्या दोन वायरी एकमेकींना जोडलेल्या दिसल्या, तर चाकाशी जायचं नाही. सांगा बघू, कुठला?"

दत्तूने आधी पुढच्यावर प्रकाश टाकला. तिने मान हलवली. मग त्याने प्रकाश कडेच्या स्विचवर आणला.

"हा, ताई. परत कुणा मिस्तरीनं इथं बोटं घातली तर शेठ काही सांगायचे नाहीत. आता मलाच बघावं लागंल."

वर आल्यावर शेठनी लिंबांची पिशवी पुढे केली. दत्तूने ती घेतली नाही. तो आधी गाडीपाशी गेला, चावी काढली आणि शर्टाच्या खिशात घालून वर बटण लावलं.

"अरे, मुहूर्त जाय छे!"

"जाऊ द्या," दत्तू म्हणाला. मग पिशवी घेऊन तो डाव्या हाताने एकेक लिंबू चाकाखाली सारत, गाडीभोवती सावकाश फिरू लागला.