एका कुणग्यातले चौतीस शेतकरी

गुणाजी घाडीने चारकोपच्या औद्योगिक वसाहतीत तीस वर्षं प्लॅस्टिकच्या डब्यांना झाकणं बसवली आणि निवृत्त झाल्यावर शेजारच्या सोसायटीच्या गेटवर वॉचमन म्हणून उभा राहिला. तिथे त्याला नावच नव्हतं. 'वॉचमन, गेट उघड', एवढीच हाक. पण दर चार महिन्यांनी त्याच्या मोबाईलवर सरकारी शेती-मदतीचा हप्ता जमा झाल्याचा निरोप यायचा आणि त्याची सुरुवात असायची, 'प्रिय शेतकरी बंधू'. त्या दिवशी चहा थंड झाला तरी चालेल, पण गुणाजी तो निरोप बायकोला, सुलक्षणाला, दोनदा मोठ्याने वाचून दाखवायचा. दोन हजारांचं त्याला विशेष नव्हतं. ती हाक गोड लागायची.

आता हे शेतकरीपण म्हणजे काय, तर गावी भाताचा एक कुणगा, एवढंसं खाचर, आणि त्याच्या सातबाऱ्यावर चौतीस नावं. वाटणी केली असती तर गुणाजीच्या वाट्याला चटईभर चिखल आला असता, म्हणून पणजोबांपासून ती कुणी केलीच नाही. तेहतीस वाटेकरी चारकोप, मुलुंड, गोवंडी असे पांगलेले. कुणगा लावायचा तो एकटा नाना, गुणाजीचा चुलतभाऊ.

यंदा हप्ता आला नाही. चौकशी केली तेव्हा कळलं की प्रत्येकाने आपल्या जमिनीत, उभ्या पिकात उभं राहून मोबाईलवरच्या सरकारी अ‍ॅपमधून फोटो पाठवायचा, नाहीतर नाव कमी. गुणाजीची झोपच उडाली.

"नाव गेलं तर मी कोण उरलो गं?" त्याने सुलक्षणाला विचारलं.

"वॉचमन," ती म्हणाली आणि भाजी चिरू लागली.

गणपतीला सगळे चाकरमानी गावी जातातच. दुपारची आरती आटोपली आणि तेहतीस जण बांधावर रांगेत उभे राहिले. ते अ‍ॅप भलतंच कडक होतं. बांधावरचा फोटो ते घेईना, पाय शेतातच हवेत म्हणे. मग एकेक जण इस्त्रीची पँट दुमडून भातात उतरला. मुलुंडच्या काशीरामचे डोळे मिटले म्हणून तो पुन्हा उतरला. गोवंडीची माधुरी साडी बदलून पुन्हा आली. नाना बांधावरून सांगत होता की भात आत्ताच पसवलंय, लोंब्या कोवळ्या आहेत, जरा जपून. पण एवढ्या शेतकऱ्यांत त्याचं ऐकतो कोण? गुणाजी हातात लोंबी धरून असा ऐटीत उभा राहिला की लग्नातही त्याने एवढा रुबाब केला नव्हता.

पाहुण्यांना आधी, या रीतीने नानाचा नंबर शेवटचा लागला. तोवर कुणग्यात म्हशी लोळून गेल्यासारखं झालं होतं. अ‍ॅपने नानाचा फोटो तीनदा घेतला आणि शेरा दिला, पीक आढळले नाही.

दिवाळीच्या तोंडावर निरोप आला. सुलक्षणा चहा घेऊन ऐकायला बसली, तेवढ्यात नानाचा फोन. नाना रागावलेला नव्हता, तीच तर पंचाईत.

"गुणाजी, तुमी सगळे शेतकरी झालास," तो म्हणाला. "आता माका तुझ्या सोसायटीत वॉचमन म्हणान चिकटव."

गुणाजीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने लगेच दोन हजार नानाला पाठवले. तेवढ्याने मन भरेना, तेव्हा तो निरोपही पाठवला, जसाच्या तसा. मग आपल्या मोबाईलमधला पुसून टाकला, चहा गरम होता तोच संपवला आणि गेटवर गेला.