सासऱ्यांच्या खोलीतून गेलेला रस्ता

आमच्या साहेबांच्या स्मरणार्थ नगरपालिका एक पुस्तिका काढते आहे. त्यांच्या हाताखाली काम केलेल्यांपैकी मी एकटाच शिल्लक आहे, म्हणून एक पान माझ्या वाट्याला आले. मी जन्मभर नकाशे काढले. लिहायचे म्हणजे कोपऱ्यात प्रमाण आणि खाली ‘आरेखक’ म्हणून सही, एवढेच. तेव्हा चुकले तर सांभाळून घ्यावे.

साहेब नगररचनाकार होते. एकतीस वर्षे गावातला कुठला रस्ता कुठून जाणार आणि शाळेची जागा कुठे ठेवायची, हे त्यांनी ठरवले. उंच, सडपातळ आणि चालताना मान जराही न वळवणारे. गवंडी भिंतीचा सरळपणा तपासायला दोरीला वजन बांधून सोडतो, त्यावरून गाव त्यांना पाठीमागे ‘ओळंबा’ म्हणायचे. ते त्यांना ठाऊक होते, आणि मला वाटते आवडतही होते.

त्यांचे खरे प्रेम गटारांवर होते. नवीन गटार झाले की वरच्या टोकाला बादलीभर पाणी ओतायचे आणि हातात घड्याळ धरून त्या पाण्याच्या बरोबरीने खालच्या टोकापर्यंत चालत जायचे. लोक म्हणत, साहेब पाण्याला फिरायला नेतात. आज आमच्या गावात पाणी कुठेही तुंबत नाही, आणि म्हणूनच ते कोणाच्या लक्षातही नाही. गटार तुंबले तरच गावाला गटाराची आठवण होते.

गावाला आठवतो तो बाजारापासून स्टेशनापर्यंतचा रस्ता. उद्या साहेबांच्या स्मृतिसभेत सगळे वक्ते त्यावरच बोलतील. म्हणून मलाही त्यावरच लिहायला हवे, कारण तो रस्ता मी बिघडवला.

तेव्हा माझी नोकरी कच्ची होती. दोन वर्षे पुरी व्हायला चार महिने राहिले होते, आणि कायम करण्याचा शेरा साहेबांच्या हातात होता. त्या काळी गावाच्या मोजणीचे कागद वेगवेगळे असायचे. ते कडेला कड लावून जोडायचे आणि त्यावर ट्रेसिंगचे कापड अंथरून एक सलग नकाशा काढायचा. जोडताना दोन्ही कागदांवर असलेली एखादी खूण धरायची. सातवा आणि आठवा कागद जोडताना मी हद्दीचा दगड धरला. तिथे एकमेकांपासून वीस फुटांवर दोन दगड होते. एका कागदावर मी पहिला धरला, दुसऱ्यावर दुसरा.

साहेबांनी त्या जोडलेल्या नकाशावर पट्टी ठेवून एक सरळ रेघ ओढली. ‘तपासले’ म्हणून खाली सही केली. नकाशा गावाला दाखवला गेला, हरकती आल्या, सुनावण्या झाल्या. एका न्हाव्याने सांगितले की रस्ता माझ्या दुकानातून जातो. साहेब म्हणाले, “हो, दुकानातूनच जातो.” भांडायला आलेल्या माणसाशी कोणी एकदम सहमत झाले की त्याची पंचाईत होते. यथावकाश नकाशा मंजूर झाला.

मग मोजणीदार खुंट्या ठोकायला निघाला. तो जवळच्या घरांच्या कोपऱ्यांपासून अंतरे घेत जायचा. सातव्या कागदाची हद्द संपेपर्यंत सगळे ठीक होते. पुढे रस्ता एकदम वीस फूट डावीकडे सरकला. कागदावर सरळ असलेला रस्ता जमिनीवर वाकडा निघाला. उजवीकडे एका विधवा शिवणकाम करणाऱ्या बाईचे दोन खोल्यांचे घर होते. साहेबांनी आधी जागेवर चालून ठरवलेल्या रस्त्यात ते पूर्ण जाणार होते, आणि म्हणून तिला दुसरी जागाही नेमून दिली होती. ते वाचले. आणि डावीकडच्या घराची समोरची खोली, जिला बोटही लागायचे नव्हते, ती चुन्याच्या रेघेत आली. मंजूर नकाशातही तसेच होते, पण तिकडे कोणी बारकाईने पाहिले नव्हते. ते घर साहेबांच्या सासऱ्यांचे होते.

दुसऱ्या दिवशी सासरे कार्यालयात आले. निवृत्त हेडमास्तर होते, आवाज वर्गातला. आम्ही आरेखक मंडळींनी माना कागदात घातल्या. त्यांनी खुर्ची घेतली नाही.

“जावईबापू,” ते म्हणाले, “मुलगी दिली. आता समोरची खोलीही घ्या.”

“मामा, नकाशा मंजूर झालाय,” साहेब म्हणाले. “तो आता माझाही राहिलेला नाही.”

हेच वाक्य त्यांनी गावातल्या निदान दोनशे माणसांना ऐकवले होते. सासरे गेले ते पुन्हा कधी जावयाच्या घराची पायरी चढले नाहीत.

मी मात्र दुपारी जेवणाच्या सुट्टीत कागद सात आणि आठ काढून बसलो, आणि ते दोन दगड दिसले. डबा तसाच राहिला. तासाभराने साहेबांच्या खोलीत गेलो आणि सगळे सांगून टाकले. त्यांनी पट्टी घेऊन दोन्ही कागदांवरचे दगड मोजले.

“कोणाला सांगितलंस?”

“कोणाला नाही, साहेब.”

“मग सांगूही नकोस.”

दुरुस्ती करता आली असती. पण मंजूर नकाशा बदलायचा तर कारण लेखी द्यावे लागते. कारणात आरेखकाची चूक लिहिली की माझी कच्ची नोकरी गेली असती, आणि ती चूक ज्यांनी तपासून सही केली त्यांचे नावही त्याच ओळीत आले असते. त्यांनी मला वाचवले की स्वतःची सही, हे मला तेव्हा कळले नाही. चार महिन्यांनी माझ्या कागदावर त्यांनी शेरा दिला: ‘काम समाधानकारक’. तो वाचून मला मान वर करवेना.

खोली पडली. पाडताना साहेब स्वतः टेप धरून उभे होते, नकाशात होते त्याहून एक वीतही जास्त जाऊ दिली नाही. गावाने हे पाहिले आणि गावाचे मत एका दिवसात फिरले. विधवेचे घर वाचवायला या माणसाने सख्ख्या सासऱ्याची खोली पाडली! वर्तमानपत्रात आले. शाळांनी बोलावले. ती शिवणाऱ्या बाई तर दिसतील तिथे हात जोडायच्या, आणि साहेब त्यांना पाहिले की रस्ता बदलायचे. जन्मात पहिल्यांदा मी त्यांना मान वळवताना पाहिले.

पुढे एका शहरातून तज्ज्ञ आले. त्यांनी सांगितले की त्या वळणामुळे गाड्या हळू होतात आणि जवळच्या शाळेसमोर अपघात होत नाहीत, ही मोठी दूरदृष्टी आहे. साहेबांना मानपत्र मिळाले. उत्तरादाखल ते पंचवीस मिनिटे गटारांच्या उतारावर बोलले. लोकांनी त्याला विनय म्हटले. मी मागच्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या. सगळ्यांबरोबर न वाजवणे जास्त उठून दिसले असते.

गेल्या महिन्यात साहेब गेले. हे पान लिहायचे ठरल्यावर मी वहिनींकडे, म्हणजे साहेबांच्या पत्नीकडे गेलो. त्यांच्या माहेरची खोली माझ्यामुळे पडली हे त्यांना सांगितल्याशिवाय लिहिणे बरे नव्हते. अर्धा तास हवापाण्याच्या गोष्टी केल्या आणि मग कसेबसे बोललो.

“मला माहीत आहे,” वहिनी म्हणाल्या. “तुम्ही सांगितलंत त्याच दिवशी त्यांनी घरी येऊन सांगितलं.”

मी म्हणालो, मग तुमच्या वडिलांना?

“त्यांना नाही सांगितलं. एका बाजूला तुमची नोकरी, एका बाजूला यांची सही. मधे माझं माहेर होतं. बाबा नऊ वर्षं जगले त्यानंतर. जावयाने नाव कमवायला आपली खोली पाडली, असंच धरून गेले. मी भेटायला जायचे तर म्हणायचे, ये, पण मागच्या दाराने ये, पुढे रस्ता आहे.” त्या थोड्या हसल्या.

लिहू का, असे विचारले. “लिहा की,” त्या म्हणाल्या. “रागवायला बाबा नाहीत, आणि तुम्हाला कामावरून काढायला हे नाहीत.”

मग त्यांनी विचारले की चूक नेमकी केवढी होती. एवढ्या वर्षांत साहेबांना ते विचारायचे राहून गेले होते. मी सांगितले, नकाशावर अर्धा इंच. त्यांनी अंगठा आणि तर्जनी समोर धरून अंतर केले. मी ते थोडे कमी करायला सांगितले. त्या आपल्या बोटांमधल्या फटीकडे बघत राहिल्या.

“एवढ्यात आम्ही चौघी बहिणी झोपायचो,” त्या म्हणाल्या.