कित्येक मैल एकही प्लग नाही

आवाजाशी इतकं हाडवैर धरलेला माणूस उभ्या जपानात दुसरा नसेल, आणि तो नेमका माझाच साडू निघावा, हा दोष माझ्या कुंडलीतला की बायकोच्या, याचा निकाल आमच्या घरात अजून लागलेला नाही. साडू हे नातंच मुळात अवघड. धड भाऊ नाही, धड मित्र नाही, आणि भांडावं तर दिवाळीला शेजारी शेजारी बसून लाडू खायचे असतात. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे आम्ही सगळे जिला ताई म्हणतो तिचे, हे यजमान. मुंबईच्या एका ट्रेडिंग कंपनीच्या कोबेतल्या ऑफिसात ते इतकी वर्षं आहेत की आता बदली झालीच तर त्यांच्याबरोबर त्यांची खुर्चीही पाठवावी लागेल. माझी बँकेतर्फे इथं नेमणूक झाली तेव्हा घर त्यांनीच शोधून दिलं. प्रत्येक रिकाम्या खोलीत ते डोळे मिटून मधोमध उभे राहायचे. मला वाटलं, वास्तुशास्त्र बघतायत. एजंटालाही तसंच काहीतरी वाटलं असावं, कारण तोही हात जोडून गप्प उभा राहायचा. प्रत्यक्षात ते कान लावून ऐकत होते. शेवटी त्यांनी पसंत केलेलं घर डोंगरावर इतकं उंच आहे की भाजी घेऊन चढताना बोलायलाही श्वास उरत नाही. हे मी त्यांना सांगितलं तर म्हणाले, "तोच तर फायदा आहे."

परदेशी पाहुणे जपानला शांत देश म्हणतात, त्यावर साडू नुसते खिन्नपणे हसतात. त्यांचं म्हणणं, इथली माणसं गप्प असतात, कारण त्यांच्या वतीनं यंत्रं बोलतात. न्हाणीघरातला टब भरला की भिंतीतून एक बाई 'पाणी तयार आहे' असं सांगते. भात झाला की कुकर गाणं म्हणतो. ट्रक डावीकडे वळताना आपण डावीकडे वळत असल्याचं जाहीर करतो, रस्ता ओलांडताना सिग्नल पाखरासारखा चिवचिवतो आणि लिफ्ट तर स्वागत करून निरोपही देते. साडूंनी घरापुरता या सगळ्यांचा बंदोबस्त केला होता. भिंतीतल्या बाईच्या तोंडावर त्यांनी चिकटपट्टीचे थर लावले, कुकरला टॉवेलात गुंडाळलं, दारावरची बेल काढून टाकली. आम्ही त्यांच्याकडे गेलो की दाराबाहेर उभं राहून ताईला मेसेज करायचा आणि आत प्रवेश मिळेपर्यंत मोज्यांत उभं राहायचं, कारण बूटही बाहेरच उतरवायचे. ताईचा पुण्याहून आणलेला मिक्सर जुन्या साडीत बांधून माळ्यावर गेला. चटणी ती जपानी खरखरीत वाडग्यात लाकडी दांड्यानं घोटायची, तीही न्हाणीघराचं दार लावून आत बसून. हातातल्या काचेच्या बांगड्या तिनं कधी उतरवल्या ते मला नक्की आठवत नाही. एकदा तिचे हात फार मोकळे दिसले, एवढंच आठवतं.

पण या सगळ्या किरकोळ चकमकी. त्यांचा खरा शत्रू एकच होता. बारीक, एका सुरातली, न थांबणारी एक कुणकुण त्यांना काही वर्षांपूर्वी ऐकू यायला लागली आणि त्या दिवसापासून माझ्या साडूंचं आयुष्य तिच्या पाठलागात गेलं. आधी संशय घरातल्या फ्रिजवर गेला. तो बंद केला तेव्हा दही, कणीक आणि ताईनं मुंबईहून जिवापाड जपून आणलेला खवा हे तिन्ही कामी आले, कुणकुण मात्र राहिली. मग बाल्कनीतला गरम पाण्याचा बंब, मग शेजारचा एसी, मग कोपऱ्यावरच्या कोन्बिनीसमोर, म्हणजे चोवीस तास चालणाऱ्या दुकानासमोर, रात्रंदिवस चालू असणारं कॉफीच्या डब्यांचं यंत्र. रस्त्यानं चालताना मध्येच थांबून ते विजेच्या खांबाला कान लावायचे आणि मी तेवढ्यापुरता त्यांचा कुणी नाही असा चेहरा करून पुढे जायचो.

हेच पुण्यात घडलं असतं तर पहिल्याच दिवशी कुणीतरी, बहुधा ओळखपाळख नसलेल्या माणसानं, तोंडावर सांगितलं असतं की अहो, आवाजबिवाज काही नाही, कान दाखवा. जपानात तसं कोण सांगणार? साडू ज्याच्याकडे तक्रार घेऊन गेले त्या प्रत्येकानं कमरेत वाकून माफी मागितली. वीज कंपनीची हेल्मेट घातलेली दोन माणसं आली, खांबाकडे मान वाकडी करून बराच वेळ बघत राहिली, दातांतून आत श्वास ओढला आणि 'तुम्ही म्हणता तसा येतोसा वाटतो खरा' असं म्हणून खांबावरचं काहीतरी बदलून गेली. ऑफिसातल्या प्रिंटरचं नाव त्यांनी नुसतं घेतलं तर त्यावर मीटिंग बसली आणि प्रिंटर खालच्या मजल्यावर गेला. सगळी माणसं कागद आणायला जिने चढू-उतरू लागली, पण एकानं ब्र काढला नाही. आणि त्यांच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या ओकादा-सान या एकट्या वृद्ध बाईंनी तर कमालच केली. साडू पेढ्यांचा बॉक्स घेऊन त्यांच्या दाराशी गेले आणि तुमचा फ्रिज जरा आवाज करतोसं वाटतं, असं अतिशय नम्रपणे म्हणाले. बाईंनी त्यांच्यापेक्षा खाली वाकून क्षमा मागितली आणि त्या दिवसापासून साडू ऑफिसातून घरी आले की त्या आपला फ्रिज बंद करू लागल्या. तोफू बर्फाच्या पेटीत ठेवायच्या. असं किती वर्षं चाललं, याचा आता विचारही करवत नाही. थोडक्यात, एका अख्ख्या सभ्य देशानं मिळून माझ्या साडूंचा भ्रम जपला.

ताई एकदा कानाच्या डॉक्टरांचं नाव काढायला गेली तर ते दुखावले. म्हणाले, "कान ठणठणीत आहेत म्हणूनच मला ऐकू येतं. तुम्हाला कुणाला येत नाही, तर डॉक्टरकडे कुणी जायचं?"  ते एवढे का चिडले हे मला तेव्हाच कळलं होतं. आवाज बाहेरचा असेल तर जगात कुठंतरी तो नसलेली जागा असणार, आणि त्या एका आशेवर हा माणूस जगत होता. झोप उडालेली, चाळिशीतच डोळ्यांखाली काळं आलेलं, ताईशी बोलताना अर्ध्यात शब्द विसरणारा तो माणूस रोज सकाळी टाय बांधून ऑफिसात जात होता, तो केवळ एक दिवस तिथं जाऊन बसायचं आहे म्हणून.

ती जागा त्यांना सान्नोमिया स्टेशनाजवळच्या प्रवास कंपनीत सापडली. त्याआधी जपानातल्या वाळवंटावरही त्यांनी एक सुट्टी खर्ची घातली होती. तोत्तोरीला समुद्राकाठी वाळूच्या मोठ्या टेकड्या आहेत. तिथं पोचलो तर शाळेच्या सहली, उंटाबरोबर फोटो काढायची रांग आणि वाळूवर कुणी काय करू नये हे सांगणारा भोंगा. साडू आल्या पावली बसमध्ये जाऊन बसले. आता मात्र त्यांनी माझ्यापुढे जे माहितीपत्रक ठेवलं ते थेट ऑस्ट्रेलियाच्या पोटातलं होतं. लाल मातीचं वाळवंट, त्यात तंबू, आणि खाली निसर्ग, संस्कृती व साधना असे तीन शब्द. साडूंना त्यातल्या एकाशीही देणंघेणं नव्हतं. नकाशावर बोट ठेवून ते म्हणाले, "हे बघा, इथं कित्येक मैल एकही प्लग नाही." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. ताई बरोबर यायला तयार नव्हती. म्हणाली, मी आले आणि तिथंही काही ऐकू आलं तर माझ्याच श्वासावर यायचं. मग घर शोधून दिल्याचे उपकार, नातं आणि बायकोची नजर या तिन्हींपुढे हात टेकून मी सुट्टी टाकली.

ओसाकाहून विमान, मग दुसरं विमान, मग पाठीचे मणके मोजून देणारा मातीचा रस्ता. तळावर आम्ही आठ-दहा जण होतो. आम्हाला फिरवणाऱ्या वयस्क बाई त्याच भूमीच्या मूळच्या. कुठल्या गवताचं बी कुटून खातात, पाणी कुठं लपून असतं, हे त्या हळू आवाजात दाखवायच्या. कुठं आपण जायचं नाही आणि कुठल्या गोष्टी त्या सांगणार नाहीत, हेही सरळ सांगायच्या. साडूंना त्या फार आवडल्या, कारण जे नाही त्याला नाही म्हणणारं माणूस त्यांना बऱ्याच वर्षांनी भेटलं होतं. माश्या मात्र अशा की बोलायला तोंड उघडायची सोय नाही. मी वैतागलो तर साडू म्हणाले, असू द्या, माशी निदान उडून तरी जाते. पहिल्या दिवशी त्यांना कुणकुण ऐकू आलीच.  पण त्यांनी शोध घेतला आणि स्वयंपाकाच्या तंबूमागे एक छोटा जनरेटर सापडला. तो सापडल्यावर त्यांना झालेला आनंद मी कधी विसरणार नाही. गुन्हेगार मिळाला होता. त्या बाईंना त्यांनी विचारलं की जिथं हा ऐकू येणार नाही अशा ठिकाणी आम्हाला नेता येईल का? त्या म्हणाल्या, शेवटच्या दिवशी संध्याकाळी सगळ्यांना तिकडंच न्यायचं आहे. तोवरचे दिवस साडू लग्नाच्या मुहूर्ताची वाट बघावी तसे वागले. दाढी रोज करत होते.

त्या संध्याकाळी गाडीनं बरंच लांब जाऊन, पुढे पायी चालून, आम्ही एका कोरड्या नदीच्या पात्रात बसलो. बाई म्हणाल्या, आता कुणी बोलू नका, नुसतं ऐका. वारा पडला होता. माश्याही उन्हाबरोबर गेल्या. आणि मग मी आयुष्यात पहिल्यांदा शांतता ऐकली. ती इतकी भरगच्च होती की माझा आवंढा मला ऐकू आला. मला एकदम रडू फुटेल असं वाटलं, ते स्वतःसाठी नाही. या माणसाला अखेर त्याची जागा मिळाली, असं मनात म्हणत मी मोठ्या आनंदानं साडूंकडे वळून पाहिलं.

ते माझ्याकडेच बघत होते. चेहऱ्यावर काहीच नव्हतं. अगदी हळू, कुणाची साधना मोडू नये अशा बेतानं त्यांनी विचारलं, "तुम्हाला येतोय का हो?"

इतकी वर्षं जपानात काढल्यावर जे तोंडात बसलं होतं तेच बाहेर पडलं. मी म्हणालो, "येतोय थोडासा."

"कशाला खोटं बोलताय," ते म्हणाले. "इथं फ्रिज नाहीये."

 सगळे उठले तरी ते बसून राहिले आणि मीही बसून राहिलो. एवढं लाल आकाश, एवढी जुनी माती, आणि त्या सगळ्यात माझ्या साडूंना लपायला हातभर जागा नव्हती. इतका निराश माणूस मी पाहिलेला नाही. त्याला धीर द्यायला माझ्याकडे एकही खरं वाक्य नव्हतं, आणि खोटं चालणार नव्हतं. परतताना ते गाडीत पुढे, इंजिनाच्या जवळ बसले. इंजिन सुरू होताच त्यांनी डोळे मिटलेले मी मागून आरशात बघितले.

कोबेला आल्यावर ते मुकाट्यानं डॉक्टरकडे गेले. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की आवाज कानातलाच आहे, जाईल असं सांगता येत नाही, सवय करून घ्यावी लागेल आणि घरात फार शांतता ठेवू नका. मग साडूंनी माफी मागायची फेरी काढली. ऑफिसात प्रत्येकाच्या टेबलाशी जाऊन ऑस्ट्रेलियाची बिस्किटं ठेवली आणि प्रिंटर वर आणवला. ओकादा-सानकडे जाताना मला बरोबर नेलं. आवाज तुमच्या फ्रिजचा नव्हता, माझ्या कानाचा होता, असं त्यांनी सांगितलं तेव्हा बाईंचा चेहरा पडला. त्या वाकल्या आणि आपला फ्रिज नव्हता याबद्दल त्यांनी मनापासून क्षमा मागितली. जिन्यात आल्यावर साडू हसायला लागले आणि मीही हसलो. मग एका पायरीवर ते थांबले, आणि त्यांचं हसणंही तिथंच थांबलं.

आता त्यांच्या दाराला बेल आहे. भिंतीतली बाई पुन्हा बोलते, कुकर गातो. साडू स्वयंपाकघरात टेबलाशी पेपर घेऊन बसतात, कारण आवाज तिथं जास्त. मागच्या रविवारी आम्ही जेवायला गेलो तेव्हा ताई ओल्या खोबऱ्याची चटणी करत होती. मिक्सर माळ्यावरून खाली आलाय आणि घरघर अशी की पलीकडच्या खोलीत बोललेलं ऐकू येऊ नये. साडूंच्या कपाळावरची आठी तेवढ्यापुरती गेलेली होती. पेपरवरून मान वर करून ते माझ्याशी काहीतरी बोलले, ते मला ऐकू आलं नाही, पण ते हसत होते. चटणी केव्हाच झाली होती. भांड्याच्या काचेतून दिसत होतं, नुसतं गंधासारखं पांढरं फिरत होतं. ताई त्यांच्याकडे बघत उभी होती. तिचा एक हात झाकणावर होता, दुसरा बटणावर, आणि दोन्ही हातांत बांगड्या होत्या. बटण तिनं बराच वेळ बंद केलं नाही.