पंचाहत्तर रुपयांची सवलत

मच्छे गावातल्या एका फाउंड्रीत भरमा बावीस वर्षं स्टोअर सांभाळत होता. ट्रकमधून उतरलेला माल तो स्वतः दोनदा मोजायचा, मगच चलनावर सही करायचा. ड्रायव्हर कुरकुरायचे. "भरमाण्णा बापावरबी इस्वास ठेवत न्हाय," असं कामगार म्हणायचे.

त्याला कारण होतं. चार वर्षांपूर्वी एका विमा एजंटानं गोड बोलून त्याच्या आईचा अंगठा घेतला आणि तिच्या खात्यातून परस्पर हप्ते कापले जाऊ लागले. ते थांबवायला अकरा महिने बँकेच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या. पैसे परत आले तेव्हा आई नव्हती. आपल्या खात्याला कुणाचा हात लागू द्यायचा नाही, हे भरमानं तेव्हाच ठरवलं. घरातल्या फोनचं बिलसुद्धा त्यानं क्रेडिट कार्डावर लावलं. कार्डाच्या बिलात खोट दिसली तर पैसे जायच्या आधी भांडता येतं, हे त्याला कळलं होतं. बिल आपोआप भरलं जाई आणि त्याबद्दल फोन कंपनी महिन्याला पंचाहत्तर रुपये सोडून देई.

श्रावणात कंपनीच्या नावानं मेसेज आला. पुढच्या महिन्यापासून कार्डवाल्यांना सवलत नाही, बँक खातं जोडा. खाली लिंक होती.

"चोरच हायत हे," तो बायकोला, मंगलला म्हणाला आणि मेसेज पुसून टाकला.

चार दिवसांनी एका मुलीचा फोन आला. कानडी हेलाच्या मराठीत ती तेच सांगू लागली. भरमानं तिला पुरतं बोलू दिलं नाही.

"लोकांस्नी लुबाडून खातीस, तुझ्या आईबापाला म्हाईत हाय काय?"

मग "थँक्यू सर" म्हणून तिनं फोन ठेवला.

पुढच्या बिलात सवलत नव्हती. भरमा अर्धी रजा टाकून खडेबाजारातल्या कंपनीच्या दुकानात गेला. काउंटरवरच्या आशुतोषनं कॉम्प्युटरमध्ये बघितलं.

"मेसेज आमचाच हाय, काका. खातं जोडा, सवलत परत चालू हुईल."

"खातंच कशाला पायजे? कार्डाचं पैसं खोटं हायत काय?"

"वरनं आलंय."

आशुतोषनं मागं वळून बघितलं आणि आवाज खाली आणला. "कार्डानं भरलं की कार्डवाल्यांना वाटा द्यावा लागतोय. त्यो वाचवायचा असंल. आमाला कोण सांगतंय?"

"मग तसं लिहून द्या."

"लिहून देता येत न्हाय, काका."

खरं कारण असेल तर कागदावर का येत नाही? भरमाचा संशय कमी व्हायच्या ऐवजी वाढला. पण बसमध्ये त्याला पंचाहत्तर रुपये आठवत नव्हते. ती मुलगी खरं बोलत होती, हे खुपत होतं.

संध्याकाळी लेकीचा, सौम्याचा, हुबळीहून फोन आला. ती तिथं एका बँकेच्या कॉल सेंटरला होती. त्यानं सगळं सांगितलं.

"आप्पा, आमालाबी रोज कोणतरी असंच बोलतंय."

"कधी सांगितलं न्हाईस गं."

"सांगून काय करू? लिहून दिलेलं वाचायचं. कारण आमालाबी ठावं नसतंय."

भरमानं कंपनीच्या त्या मुलीच्या नंबरावर उलटा फोन लावून बघितला. लागत नव्हता.

"द्या की एकादं खातं, दोन-चारशे ठेवून," मंगल म्हणाली.

"आज बोट दिलं तर उद्या मनगट मागतील."

महिन्याभरानं कंपनीचा पुन्हा फोन आला. मुलगी दुसरीच होती. भरमानं तिचं सगळं ऐकून घेतलं.

"बाई, तुमच्यावर राग न्हाय. पण खातं देणार न्हाय. कार्डात काय वाईट हाय, ते वरच्यांस्नी इचारा."

"लिहून घेते, सर," ती म्हणाली.

तिनं लिहून घेतलं की नाही, कोण जाणे.