आत्याबाईंचे आठ दगड

रंभाआत्या म्हणजे माझ्या चुलत सासूबाई. रावेतच्या आमच्या भावकीत सगळ्या सुना त्यांना आत्याबाई म्हणतात आणि टरकून असतात. मी नाही टरकत. मी काळेवाडीच्या किराणा दुकानदाराची लेक, तोंडाला तोंड द्यायची सवय माहेरचीच. म्हणूनच असेल, पण त्यांचं माझं जमलं, आणि जे घरात कुणाला माहीत नव्हतं ते मला माहीत झालं.

आत्याबाईंच्या बंगल्याच्या मागं पूर्वी शेत होतं आणि शेतात विहीर. त्या विहिरीत त्यांची पहिली लेक गेली, चित्रा. शाळेत जायला लागली होती नुकती. आत्याबाई काठावर धुणं धूत होत्या, पोर कळशी बुडवायला वाकली आणि गेली. खाली गाळ भरपूर. शेवटी माणसांनी गळ टाकून वर काढली, तो गळ तिच्या दंडात रुतला होता. बाकी कशाबद्दल आत्याबाई बोलायच्या नाहीत, त्या दंडाबद्दल मात्र बोलायच्या. फोटो एकही नाही पोरीचा. रणजीतभाऊजी, त्यांचा मुलगा, त्यानंतरचे.

विहिरीच्या काठावर साती आसरा होत्या. आसरा म्हणजे पाण्याच्या देवी, सात बहिणी. विहीर आली की काठाला सात दगड मांडायचे, हळदकुंकू वाहायचं, अशी आमच्याकडची रीत. गाव म्हणालं, आसरांनीच पोर नेली. दुसरी कुणी असती तर तिनं ते दगड भिरकावले असते. आत्याबाईंनी उलट त्यांच्या शेजारी आठवा दगड आणून ठेवला, मुठीएवढा, आणि त्यांना सांगितलं, "नेली न्हवं? आता तुमीच सांभाळा." तेव्हापासून रोज सकाळी आठ जणींना पाणी घालायच्या. पुढं विहीर बुजवली, शेताचे प्लॉट पडले, बंगला उठला, पण मागच्या अंगणात भिंतीशी ते दगड राहिले. घरात त्यांना नुसतं 'आईचे दगड' म्हणायचे. एवढ्या वर्षांत कुणी मोजलेसुद्धा नाहीत, याचं मला नवल वाटतं आणि रागही येतो. मी मोजले. म्हटलं, "आत्याबाई, आसरा तर सात असतात ना?"

"व्हय. आठवी माझी हाय," त्या म्हणाल्या, आणि तांब्या घेऊन आत गेल्या.

या उन्हाळ्यात नातीला, सुखदाला, घरी पोहायचा तलाव पाहिजे झाला. खणायचा नाही, जमिनीवरच मांडायचा. लोखंडी पायांचा सांगाडा आणि त्यात निळं जाड कापड. हौसेला मोल नाही, मला मान्य आहे. पण नुसता तलाव कसा शोभणार, म्हणून तनुजानं, भाऊजींच्या बायकोनं, सगळ्या अंगणाचं लँडस्केपिंग काढलं. तलावाभोवती पेव्हर ब्लॉक, मग लॉन, कडेनं पांढरे गोटे, कोपऱ्यात चाफा. सपाट मोकळी जागा एकच होती, बुजवलेल्या विहिरीची. भाऊजी म्हणाले, "कधीच दबली असेल ती." काम दिलं पिंटू नर्सरीवाल्याला. पोरगा कामाला वाघ, पण दापोडीच्या चाळीत वाढलेला, विहीर त्यानं जवळून पाहिली असेल तर शपथ.

आणि योग कसा बघा, त्याच दिवसांत आत्याबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. काळा चष्मा लावून आतल्या खोलीत पडून. धूळ नको म्हणून अंगणात पाऊल टाकायचं नाही. दगडांवरचं कुंकू वाऱ्यानं उडून गेलेलं. भाऊजींच्या बसगाड्या चाकणला कंपन्यांना लावलेल्या आहेत, तिकडं निघायच्या घाईत ते पिंटूला एवढंच म्हणाले, "कोपऱ्यातल्या दगडांचं आईला विचार." पिंटूनं खिडकीतून विचारलं, "आजी, हे दगड कशाचे? कुठं ठेवू?"

आतून आत्याबाई म्हणाल्या, "आसरा हायेत त्या. पाण्याला लावून ठिव."

झालं, ध चा मा. आसरा म्हणजे आधार, एवढंच पिंटूला ठाऊक. त्याला वाटलं, तलावाच्या पायांना टेकू द्यायला आजींनी दगड जपून ठेवलेत. दगड आठ, आणि तलावाचे पायही नेमके आठ. धाकटा दगड बुटका पडत होता, त्याच्याखाली मुरूम ठोकून त्यानं उंची सारखी केली. "मला वाटलं, आजींनी मोजूनच आणलेत," तो नंतर मला म्हणाला. त्याच्यावर ओरडायला गेले होते मी, तशीच परत आले.

चष्मा उतरला तशा आत्याबाई अंगणात आल्या. हिरवंगार लॉन, पांढरेशुभ्र गोटे, पाण्यात सुखदा हातपाय मारतेय. तनुजा कौतुकानं एकेक दाखवत होती. आत्याबाई भिंतीपाशी गेल्या. मग वाकून वाकून त्या गोट्यांमधून फिरल्या.

"माझ्या आसरा कुठं हायेत?"

पिंटूला फोन लावला तेव्हा उलगडा झाला. तनुजाचा चेहरा उतरला, ती काही वाईट नाही. भाऊजी म्हणाले, "आई, सुट्टी संपली की तलाव काढायचाच आहे. तेव्हा काढू तुझे दगड." आत्याबाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या पाण्याकडं बघत म्हणाल्या, "लई वजन पडत असंल रे." दुसऱ्या दिवसापासून तांब्या घेऊन त्या तलावाशी उकिडव्या बसायला लागल्या. एकेका पायाशी पाणी ओतायचं, पुढं सरकायचं. धाकटीचा पाय कुठला ते पिंटूकडून विचारून घेतलं होतं. तिथं जास्त वेळ बसायच्या. मला बघवेना. मी भाऊजींना तोंडावर म्हटलं, "तलाव मोठा की आई मोठी?"

"वहिनी, पोरीला काय सांगू?" ते म्हणाले. आत्याबाईंनीच मला गप्प केलं. "खेळू दे लेकराला," म्हणाल्या.

पण शेवटी भराव तो भराव. एका सकाळी तलावाचा एक पाय खचला आणि सगळा तलाव कलंडला. नशीब, सुखदा आत नव्हती. पाणी लॉन उचकटून फाटकाबाहेर गेलं, गोटे रस्त्यावर. सांगाडा उचलल्यावर सात दगड निघाले, जसेच्या तसे. मी ते पदरानं पुसले आणि भिंतीशी मांडले. आठव्याच्या जागी नुसतं गढूळ पाण्याचं भोक होतं. लोखंडी पायानं त्याला दाबत दाबत खाली नेलं होतं, जुन्या विहिरीत.

तेव्हा मी भाऊजींना सांगितलं, तो दगड कुणाचा ते. त्यांना बहीण होती एवढंच ठाऊक होतं. ते चिखलात गुडघ्यावर बसले, खांद्यापर्यंत हात घालून बघितला. काही लागेना. मग पिंटूकडून पहार घेतली आणि भोकात खुपसून चाचपायला लागले. डोळ्यांतून पाणी गळत होतं त्यांच्या, माझ्याही.

आत्याबाई ओट्यावरून अनवाणी चिखलात उतरल्या. त्यांनी पहारेवर हात ठेवला.

"काढ ती भाईर."

"आई, सापडेल. इथंच आहे ती."

"हाय की. इथंच हाय," त्या म्हणाल्या. "पर तवा गळ लागला व्हता रं तिला. आता पहार नगं."