शिऱ्यातला खडा
परवा शेजारच्यांच्या सत्यनारायणाचा शिरा खाताना दाताखाली खडा कचकन आला आणि तासगावचे बेदाण्याचे सौदे आठवले. तेव्हा एकदा आई आणि मी आमच्या बेदाण्याची खोकी घेऊन सकाळपासून अडत्याच्या दुकानात उभे होतो. बेदाण्याला दिलेल्या गंधकाच्या धुरीचा उग्र वास नाकात बसला होता. कडक इस्त्रीतले व्यापारी यायचे, खोक्यात कोपरापर्यंत हात घालून ओंजळभर बेदाणा काढायचे, एक दाणा तोंडात टाकायचे आणि बाकीचा खाली फेकायचे. आठ-दहा जणांचं असं चाखून झाल्यावर फरशी पिवळीजर्द झाली, आणि ही मोठी माणसं त्यावरून चपलांनिशी फिरत राहिली. आई वाकून वेचायला लागली, तसा अडत्या गोड हसत म्हणाला, "आवं आक्का, सांडलेला दुकानाचा असतोय. हितली रीतच हाय ती." त्याच्या गड्याने आमच्यादेखत तो झाडून पोत्यात भरला. दुपारी दुकानातच पूजा झाली. कपाळभर गंध लावलेल्या त्या धर्मात्म्याने आमच्यापुढे शिऱ्याचे द्रोण धरले. "पोटभर घ्या. देवाच्या कामात आपण हात आखडत न्हाई, बेदाणा लय घातलाय." पहिल्याच घासाला खडा लागला. मी आईकडे बघितलं. ती खालच्या आवाजात म्हणाली, "गिळ गप. आपलाच बेदाणा हाय." परवाचा खडा मी थुंकून टाकला. त्या दिवशीचा मात्र गिळला होता, आणि निघताना त्या चोराला वाकून नमस्कारही केला होता.