पुतळीचा अर्धा गुडघा

सूर्यमाळच्या पाड्यावर मी आशाताई म्हणून काम करते, त्यामुळे पुतळीचा गुडघा मला स्वतःच्या गुडघ्याइतका ठाऊक. वीस उन्हाळे ती डोक्यावर दोन-दोन हंडे घेऊन विहिरीचा चढ चढली. पन्नाशी गाठायच्या आतच डावा पाय वाकडा झाला, आणि उतारावर ती बसून सरकायला लागली.

गुडघेदुखीच्या शिबिरात डॉक्टरांनी एक्स-रेचा फोटो पाहिला. गुडघ्याची फक्त आतली बाजू झिजलीय, म्हणाले, तेवढीच बदलू. ठाण्याला, रोबोच्या मदतीनं, फुकट. तिचा नवरा तुका मला म्हणाला, "ताई, अर्धाच? बाकीचा तिचाच राहील ना?" राहील म्हटलं. पुतळी त्या दिवशी हसली. भाताच्या आवणीला, रोपं लावायला, पुन्हा वाकता यावं, एवढंच तिचं मागणं होतं.

मी त्यांच्या घरी जाऊन सगळं दोनदा बजावलं: उपाशी राहा, नखं काप, रेशनकार्ड घे. आणि या बाबानं निघायच्या आदल्या दिवशी काय करावं? जीपच्या धक्क्यांनी बायकोला दुखू नये म्हणून बिब्बा तापवला आणि त्याचं तेल गुडघ्याभोवती टिपक्या-टिपक्यांनी लावलं. दुखऱ्या सांध्याला आमच्याकडे हेच करतात. ठाण्यात लुगडं वर केलं तर गुडघाभर फोड. कातडी सोलवटलेली, आत जंतू शिरतील, म्हणून डॉक्टरांनी ऑपरेशन रद्द केलं. "अडाणी लोक," असं नर्सला म्हणाले, आमच्या तोंडावर. माझं डोकंच फिरलं. पण भांडू कुठल्या तोंडानं? बिब्बा लावू नका हे सांगायचं मलाच सुचलं नव्हतं. मी इथलीच ना. माझ्या आईच्या पायावरही बिब्ब्याचे तसलेच डाग आहेत.

पुढची तारीख आठ महिन्यांनी मिळाली. तोवर गुडघ्याची दुसरी बाजूही गेली. आता अर्ध्यानं भागणार नाही, पुरा बदलावा लागेल, आणि ते या शिबिरात बसत नाही, असं सांगून त्यांनी कागद परत दिला.

आता पाणी तुका आणतो. विहिरीवरच्या बाया हसतात, तो मान खाली घालून हंडा भरतो. पुतळी दारात बसून असते, त्याच्याशी बोलत नाही. परवा मी चिडून विचारलं, किती दिवस धरून बसणार गं?

"ताई, त्याच्यापुढं तोंड उघडलं तर 'माझा पाय तूच खाल्लास' हेच बाहेर येईल," ती म्हणाली. "त्यानं तर मायेनं केलं. म्हणून गप असते."